तोरण वाळल्यावर

नव्या मुंबईत थंडी अंगाला कळायच्या आधी सोसायट्यांच्या गेटवर दिसते. दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच नर्सरीचे टेम्पो फिरायला लागतात आणि गेटच्या दोन्ही अंगांना कुंड्या लागतात. पिटुनिया, डायांथस, साल्व्हिया, शेवंती, आणि नाताळ जवळ आला की लाल पानांची पॉइन्सेटिया. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, कुठेही जा. रस्त्याच्या दुभाजकातसुद्धा रंग भरतात. बघायला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, मी स्वतः स्कूटर थांबवून बघतो. शेतकऱ्याला फुलाचं काय कौतुक, असं शहरातल्या माणसाला वाटतं. तसं काही नसतं.

माझा प्रश्न मार्चमधला आहे. ऊन तापलं की याच कुंड्या रिकाम्या होतात. झाडं उपटायची, पिशव्यांत कोंबायची, कचऱ्याच्या गाडीत टाकायची. त्यातली काही खरंच गेलेली असतात, पुष्कळशी हिरवीगार असतात. बरीच वर्षं माझ्या डोक्यात हे घोळतंय. नुसत्या शोभेसाठी आणलेल्या झाडाचं आपण काही देणं लागतो का? आता तुम्ही म्हणाल, भात कापता तेव्हा कुठे जाते ही दया? बरोबर आहे. भात आम्ही कापतो, झोडतो, पेंढा गुरांपुढे टाकतो. भात कापताना कुणा शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नाही. उलट त्या दिवशी घरात गोडधोड असतं. मग हिरवी शेवंती पिशवीत कोंबलेली दिसली की माझ्याच पोटात का तुटतं?

माझा पुतण्या एका सोसायटीत माळीकाम करतो. ठेकेदाराच्या कागदावर वर्षातून तीन वेळा झाडं बदलायची असं लिहिलेलं आहे. मी एकदा त्याला म्हटलं, “बाला, ही तर जिवंत आहेत, काढतोस कशाला?” तो म्हणाला, “काका, मेला नाय तरी काढाचा. कागदावर तसाच लिवलाय.”

दोन वर्षांमागे त्याने मार्चमध्ये चाळीसेक शेवंतीच्या कुंड्या रिकाम्या केल्या. शेवंती ही काही एका हंगामाची नाही. फुलं संपली की वरून छाटायची, बुडातून पिल्लं फुटतात. ती जपली, पावसाच्या तोंडाला वेगळी करून लावली, की थंडीत पुन्हा फुलतात. आमच्या घरात हे बाया-माणसांना पाठ असतं. त्याने ते बुडखे गोणीत भरले आणि स्कूटरवर टाकले. गेटवर वॉचमनने अडवलं. सुपरवायझर आला. म्हणाला, टाकायची ऑर्डर आहे, न्यायची नाही. पोरगं म्हणालं, टाकायचीच आहेत तर मी नेली काय आणि गाडीने नेली काय? त्यावर, ही सोसायटीची मालमत्ता आहे. गोणी उतरवावी लागली. रात्री ठेकेदाराचा फोन, पुन्हा असं केलंस तर दुसरं काम बघ.

मी त्या कमिटीतल्या एका रिटायर गृहस्थांना भेटलो. माणूस चांगला. चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, “काका, आज बुडखे, उद्या कोणी चांगली कुंडी उचलेल. एकाला सूट दिली की संपलं.” त्यांचं चूक नाही. शंभर बिऱ्हाडांचं घर चालवायचं तर नियम लागतोच. पण त्या नियमाने झालं असं, की जिवंत झाड घरी नेणं ही चोरी झाली आणि त्याला कचऱ्याच्या गाडीत मारणं हे पगाराचं काम झालं. यात वाईट बुद्धीचा माणूस एकही नाही. वॉचमन, सुपरवायझर, कमिटी, ठेकेदार, सगळे आपापलं काम नीट करताहेत. मला जास्त त्रास याचाच होतो.

आमच्या लहानपणी दाराची शोभा आणि शेतातलं पीक ही दोन वेगळी खाती नव्हती. दसऱ्याच्या तोरणाला आंब्याची पानं, गोंड्याची फुलं आणि मधूनमधून नव्या भाताच्या लोंब्या. झेंडूला आम्ही गोंडाच म्हणतो. दक्षिण कोकणात नवं बांधतात त्यात कुरडूची फुलंही असतात. कुरडू म्हणजे खरं तर शेतातलं तण, पण त्या दिवशी त्यालाही दारावर मान. आमच्या आईचं तोरण साधं असे, पण जाड. शेताने यंदा काय दिलं ते आल्यागेल्याला दारातच कळायचं.

हे तोरण कुणी काढत नसे. लोंब्या पहिल्या आठ दिवसांत चिमण्या साफ करायच्या. आंब्याची पानं कुरकुरीत व्हायची. गोंडा आधी तपकिरी, मग काळपट होऊन दोऱ्यावर तसाच लटकत राहायचा, पौष गेला, शिमगा गेला तरी. रोहिण्या लागल्या की आई पाटावर चढून तोरण उतरवायची आणि सुकी फुलं तळहातावर चुरडायची. गोंड्याचं बी तुम्ही बघितलंय का? काडीसारखं बारीक, खाली काळं, वर पांढुरकी शेपटी. पाकळीच्या बुडाशी बसलेलं असतं. एका फुलात चिमूटभर सहज निघतं. ते बी ती न्हाणीच्या पाण्यावर, विहिरीच्या कडेला, बांधावर भुरभुरायची. पुढच्या दसऱ्याला त्याचीच फुलं. म्हणजे आठ महिने आमच्या दारावर जे टांगलेलं असायचं ती बियाण्याची पिशवी होती. कचरा म्हणून निघायचा तो फक्त सुताचा दोरा, आणि तोही आई गुंडाळून ठेवायची.

यात काही फार मोठं तत्त्वज्ञान होतं असं मी म्हणणार नाही. बी विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून ती बी धरायची. गरिबीला मागाहून संस्कृती म्हणायची आपल्याकडे सवय आहे, ती मला आवडत नाही. तरीसुद्धा एक गोष्ट खरी, की तोरण बांधणाऱ्या माणसाला त्या फुलाचं पुढे काय होणार ते ठाऊक होतं. आणि मागे काय झालं तेही.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यावर लढणारे आणि लिहिणारे खूप झाले, मी इथे त्यात शिरत नाही. मला एवढंच सांगायचंय, की ज्या बांधांवर गोंडा आपोआप उगवायचा तिथे आता पेव्हर ब्लॉक आहेत. तोरण लोक आजही बांधतात, चौदाव्या मजल्यावरही बांधतात, आणि हौसेने बांधतात. पण वाळलेलं फूल चुरडायचं कुठे? लिफ्टमध्ये? कोपरखैरणे, ऐरोलीत सातारा-पुण्याकडच्या माथाडी कामगारांची घरं पुष्कळ. त्यांची पोरं दिवाळीत बिल्डिंगखाली किल्ला करतात. त्या किल्ल्याला माती नर्सरीतून पिशवीने विकत आणतात. भाताची खाचरं होती त्याच जागी माती विकत घ्यावी लागते, याचं सुरुवातीला मला हसू यायचं.

पण त्या किल्ल्याने मला थोडी वाट दाखवली. पोरं बुरुजाच्या उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरतात. चार-पाच दिवसांत सगळा डोंगर हिरवा. वर मावळे, तोफा, मधे शिवाजी महाराज. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडतात. ती हिरवळही जिवंतच असते, तीही मरते. पण तिथे माझ्या पोटात तुटत नाही. बघणाऱ्या कुणाच्याच तुटत नसावं. कारण ज्यांनी पेरलं, पाणी शिंपडलं, सकाळी उठून किती उगवलं ते वाकून पाहिलं, त्यांच्याच हातांनी ते मोडलं. माती झाडाच्या बुंध्याशी ओतली. जगवणारा एक आणि फेकणारा दुसरा, असं तिथे नाही.

आपट्याचंही असंच बघा. दसऱ्याला नेरूळ, वाशी, पनवेल स्टेशनबाहेर आपट्याच्या फांद्यांचे ढीग लागतात. त्यात अर्धा तर कांचन असतो. कांचनचं पान मोठं, मऊ. आपट्याचं लहान, जाड, खरखरीत. पण घेणाऱ्याला काय, दोन पाळ्यांचं पान दिसलं की सोनं. त्यामागची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. कौत्साला गुरुदक्षिणा द्यायची होती, चौदा कोटी सुवर्णमुद्रा. रघुराजाने सगळं दान करून टाकलेलं. मग कुबेराने आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं घाईत सांगतात. कौत्साने चौदा कोटींच्या वर एक नाणं घेतलं नाही. रघूनेही उरलेलं परत घेतलं नाही, म्हणाला, तुझ्यासाठी आलेलं ते माझं कसं? उरलेलं सोनं झाडाखाली पडून राहिलं, ते लोकांनी लुटलं. आपण या कथेतलं लुटणं तेवढं ठेवलं. जरूर तेवढंच घेणारे दोघे होते, त्यांचा सण कुणी करत नाही.

यावर शहरातली मुलं मोबाईलवर संदेश पाठवतात, आपट्याची पानं तोडू नका, झाडं वाचवा. चांगलं आहे. पण ती पानं विकायला बसलेली बाई कोण असते? डोंगराच्या वाडीतली कातकरी नाहीतर ठाकर बाई. दसऱ्याच्या दोन दिवसांत जे मिळतं त्यावर तिची दिवाळी. अशाच एका बाईला मी विचारलं होतं, झाडं संपत नाहीत का? ती म्हणाली, “दादा, आमी बाजूची डांगळी काढताव. पुढल्या साली त्याच झाडाला यावा लागताय ना. टेम्पोवाले येतान ते बुडातूनच घालतान.” मला पुस्तकात कुठे इतकं सरळ उत्तर सापडलं नव्हतं. तिला पुढच्या साली त्याच झाडापाशी जायचं होतं. टेम्पोवाल्याला जायचं नव्हतं, त्याला कुठलंही झाड चालतं. दोघांनीही पानं तोडली. दोघांनीही विकली. मग फरक दयेचा म्हणावा का? मला तसं वाटत नाही. बाई काही झाडाला नमस्कार करून फांदी तोडत नसेल. तिचा त्या झाडाशी उधारीचा व्यवहार होता, एवढंच. ज्याच्याकडे पुन्हा जायचंय त्याला माणूस बुडवत नाही.

सोसायटीच्या गेटवरच्या शेवंतीपाशी पुन्हा कुणीच जाणार नसतं. पुढच्या नोव्हेंबरला दुसरी येते, तशीच, तेवढीच. शेतात असं होत नाही. भाताचं रोप मेलं तरी बियाण्याच्या कणगीतून तेच घराणं परत येतं, म्हणून कापताना हात थरथरत नाही. निदान पूर्वी तसं होतं. आता भाताचं बीही दरसाल पिशवीतून येतं, पण त्यावर मी बोललो तर लांबेल.

एक बाई मला भेटल्या, शिक्षिका होत्या. त्यांच्या दाराला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, “भाऊ, आम्ही एकही फूल तोडत नाही. हे साबणाने धुतलं की झालं, दहा वर्षं तेच आहे. मग सांगा, पाप कुणाचं कमी?” मी शेतकरी, फूल विकणारा. प्लास्टिकच्या फुलांनी आमचा भाव पाडला म्हणून फूलवाले शेतकरी बंदी मागतात, त्यात मीही आहे. पण बाईंच्या प्रश्नाला नुसतं “आमचं पोट” हे उत्तर पुरेसं नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. हिशेबाने बघितलं तर त्यांचं म्हणणं ठीक आहे. जे तोडलंच नाही त्याचं देणं कसलं?

घरी येताना विचार करत आलो. त्या तोरणाचं देणं नाही हे खरं, पण येणंही नाही. ते दहा वर्षं तसंच आहे. पाऊस उशिरा गेला, भात आडवा पडला, गोंडा यंदा लहान आला, यातलं काहीही त्या दारावर दिसत नाही. दसरा कुठल्या ऋतूत येतो हे त्या तोरणावरून पोराला सांगता येणार नाही. मग ते दारावर कशासाठी, असा माझा उलट प्रश्न आहे. बाईंना तो मी विचारला नाही. त्यांनी मला पाणी दिलं होतं, बसा म्हटलं होतं.

आणि गोंडा तरी आपला कुठे? तो मूळचा मेक्सिकोकडचा. माझ्या मुलीने एकदा फोनवर चित्रं दाखवली. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांचा सण असतो. घरात मांडण्या करतात, थडगी सजवतात, आणि सगळीकडे आपला गोंडा. मृतांना घराची वाट सापडावी म्हणून पाकळ्यांची पायवाट घालतात. त्या फुलाला ते सेंपासूचिल म्हणतात. जवळपास त्याच दिवसांत, अर्ध्या जगापलीकडे, तेच फूल. नाताळची पॉइन्सेटियाही तिकडचीच. तिचं लाल ते फूल नसून पान असतं, आणि ते लाल होतं रात्र लांबली की. ही गोष्ट पुढे कामाची आहे, म्हणून सांगितली.

आता माझ्या स्वतःच्या गोंड्याबद्दल. डोंगराकडचा बारा गुंठ्यांचा तुकडा शिल्लक आहे, त्यात मी दसऱ्यासाठी गोंडा करतो. रोप विकत आणतो, संकरित. त्याचं फूल चेंडूएवढं, टिकतं चार दिवस. पण त्याचं बी धरलं तर पुढच्या साली फूल तसं येत नाही, काही मोठी, काही बारकी, काही नुसती पानंच. म्हणजे आईचा व्यवहार या फुलाशी करताच येत नाही. शिवाय दसरा दरसाल सरकतो. २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, २०२४ ला १२ ऑक्टोबर, २०२५ ला २ ऑक्टोबर. लावणीपासून फूल यायला दोन महिने धरायचे, मागे मोजत जायचं, आणि पाऊस त्याचं काय करील ते त्याच्यावर सोडायचं. दसऱ्याला सकाळी जो भाव असतो तो दुपारी निम्मा होतो आणि संध्याकाळी कुणी फुकट घेत नाही. रस्त्याच्या कडेला फुलांचे ढीग सोडून शेतकरी निघून जातात, हे तुम्ही दूरदर्शनवर पाहिलं असेल. फुलाचं काम एका दिवसाचं, म्हणून त्याची किंमतही एका दिवसाची.

तर लोकांनी फुलं फेकावीत यावर माझं घर चालतं. सगळ्यांनी आईसारखं बी धरलं, प्रत्येकाच्या ग्रिलमध्ये गोंडा फुलला, तर माझ्या कॅरेटकडे कोण बघेल? नर्सरीत पाठ मोडून कुंड्या भरणाऱ्या बायांचंही तेच. त्या शेवंत्या मार्चमध्ये मेल्या म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांना मजुरी आहे. हे मला टाळून पुढे जाता येत नाही. फेकणाऱ्याला दोष देताना माझा हात माझ्याच खिशाशी जातो.

पुतण्याची गोष्ट अर्धी राहिली. त्या सोसायटीतल्या एका बाईने हा विषय मीटिंगमध्ये काढला. वाद झाला म्हणतात. शेवटी ठेकेदाराच्या कागदात एक ओळ वाढली, काढलेली झाडं माळ्याला नेता येतील, मातीची कुंडी सोडून. मला वाटलं, प्रश्न मिटला. कुठला मिटतोय! पहिल्याच वर्षी गोण्याच गोण्या आल्या. शेवंती तर आलीच, पण पॉइन्सेटिया साठ-सत्तर. ती जमिनीत लावली की पुरुषभर उंच झुडूप होतं. आमच्या गावठाणात दोन घरांमध्ये हात घालायला जागा नाही, लावणार कुठे? देणं लागतो म्हटलं की ते फेडायला जमीन लागते, हे मला तेव्हा नीट कळलं. शेवंती बायांनी वाटून घेतली, डब्यात, बादलीत, तुटक्या बेसिनमध्येही. पॉइन्सेटिया पोरांनी तळ्याच्या कडेने आणि गावदेवीच्या मागे लावली. निम्म्याच्या वर मेली, मे महिन्यात पाणी कोण घालणार. जगली त्यातली देवळामागची डिसेंबरात लाल झाली, तळ्याकाठची हिरवीच राहिली. लोक म्हणाले, रोग पडला. रोग कसला, तिथे महापालिकेचा दिवा रात्रभर जळतो. तिला रात्र झालीय हेच कळत नाही.

यंदा दसरा २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे गेल्या सालापेक्षा अठरा दिवस उशिरा. गेल्या साली तोरणाला लावायला लोंब्या अजून हिरव्या होत्या, यंदा हळवं भात तोवर तयार असेल. संकरित रोपाची ऑर्डर दिलीय, ते ऑगस्टच्या मध्याला लागेल. बांधावर मात्र एक ओळ जुन्या गोंड्याची असते. बारकं, विस्कटलेलं, पिवळं फूल. बाजारात त्याला कुणी विचारत नाही, म्हणून ते दारालाच लागतं.